गाल सुजलेला पाथरवट

उल्म, ३ ऑक्टोबर १९७६

प्रिय ओयगेन काका,

ज्या जागी कोणाचीच नजर पोहोचणार नाही, तिथे माणूस इतका जीव ओतून काम का करतो? चार दिवस मी या प्रश्नाशी झगडते आहे आणि मला उत्तर येत नाही. विद्यापीठात पाच वर्षं काढली, तिथेही कोणी ते शिकवलं नाही. तुम्ही मुन्स्टर चर्चच्या कार्यशाळेत सत्तावीस वर्षं दगड घडवलेत, म्हणून तुम्हाला विचारते. टेलिफोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

माझं काम काय आहे ते बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल, पण त्यांनी ते वाढवून सांगितलं असणार. खरं एवढंच की, पुढच्या जूनमध्ये मुन्स्टरच्या पायाभरणीला सहाशे वर्षं पुरी होतात, त्यानिमित्त एक जाड पुस्तक निघणार आहे. त्यासाठी मनोऱ्यावरच्या कोरीव दगडांची यादी करायला मला एका वर्षापुरतं घेतलं आहे. पुस्तकाचं सगळं डॉ. क्रोल बघतात. ते स्वतः वर चढत नाहीत, गुडघे दुखतात. मी फोटो आणते आणि ते भिंग घेऊन बघतात.

मंगळवारी मुकादम श्टेले यांच्याबरोबर मनोऱ्याच्या उत्तर बाजूच्या परांचीवर चढले होते. चौकोनी भाग संपायच्या थोडं खाली, साठ-पासष्ट मीटरवर, एका आधारभिंतीच्या मागच्या खाचेत एक दगड पुढे आलेला आहे. पुतळा ठेवायला केलेली जागा असावी, पण पुतळा तिथे कधी आलाच नाही. त्या दगडाच्या पोटाशी एक चेहरा आहे. डोक्याला टोपी, एक डोळा अर्धा मिटलेला आणि उजवा गाल चांगलाच सुजलेला. काका, तो चेहरा इतका जिवंत आहे की मी बघतच राहिले. खालून तो दिसत नाही, शेजारच्या जिन्यातूनही नाही. दिसतो तो फक्त परांची बांधली तर, म्हणजे शंभर वर्षांतून दोनदा.

दगडाच्या कुशीवर पाथरवटाची खूण आहे: एक बाण, त्याला आडवी रेघ, आणि खालचं टोक डावीकडे मोडलेलं. हीच खूण आत, मधल्या दालनातल्या तिसऱ्या खांबावरही आहे, म्हणजे माणूस पंधराव्या शतकातला. तुमच्या कार्यशाळेच्या १९४९ च्या नोंदवहीत या जागेपुढे फक्त 'दुरुस्त केलं' एवढंच लिहिलंय, बहुतेक सांधे भरले असतील.

तुम्ही कधी त्याला पाहिलं होतं का?

तुमची,
इर्मेला


वाइलर, १२ ऑक्टोबर १९७६

इर्मे पोरी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर तुझ्या बापापेक्षा बरं आहे, त्याला शाळेत मी हाताला धरून नेत होतो तेव्हापासून तो कोंबडीच्या पायाने लिहितो.

माणूस जीव ओतून काम का करतो विचारतेस. मुकादम मागे उभा असतो म्हणून. यापलीकडे काही कारण असेल तर ते विद्यापीठवाल्यांनी शोधावं, त्यांना त्याचाच पगार मिळतो.

ते डोकं मला माहीत आहे. मनोऱ्यावर अशी पुष्कळ डोकी आहेत, कुत्री आहेत, एक डुक्करही आहे. त्या एकाच्या मागे फार लागू नकोस. त्यापेक्षा लोकांना कळेल असं काहीतरी लिही. दहा हजार वस्तीच्या गावाने वीस हजार माणसं उभी राहतील एवढं चर्च काढलं. बिशपाने बांधलं नाही, राजाने बांधलं नाही, दोरखंडवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी बांधलं. गावाबाहेरचं जुनं चर्च पाडून त्याचे दगड आत आणले, कारण वेढा पडला की प्रार्थनेला जायची पंचाईत. मग तीनशे वर्षं मनोरा बुटका राहिला, त्यावर टोपी घातलेली. हे सगळं पुस्तकात असेलच, पण दर खेपेला कोणीतरी विटांबद्दल सांगायला विसरतं. भिंती विटांच्या आहेत, दगड फक्त कडांना आणि नक्षीला. तेवढं लिही. त्या विटा भाजणाऱ्यांना कोणी खूण दिली नव्हती.

परांचीवर चढताना खिसे रिकामे ठेव. श्टेले चांगला माणूस आहे, पण तो साठ साली आला, त्याला जुनं काही ठाऊक नाही.

अक्रोड पाठवतो आहे. ओले आहेत, पसरून ठेव.

ओयगेन


उल्म, २८ नोव्हेंबर १९७६

प्रिय काका,

अक्रोड पोहोचले. आईने त्यातले अर्धे ख्रिसमसच्या बिस्किटांसाठी लपवून ठेवले आहेत आणि बाबांना ती जागा सापडली आहे.

तुम्ही म्हणालात फार मागे लागू नको, तरी मी लागले. रागावू नका. विटांबद्दलही एक परिच्छेद लिहिला आहे, पण खरा लेख त्या चेहऱ्यावर झाला. पंधरा पानं. तुम्हाला थोडक्यात सांगते.

१४९२ च्या सुमारास प्रार्थना चालू असताना मनोऱ्याखालच्या कमानीतून दगड निखळून पडले, हे तुम्हाला माहीतच आहे. मनोरा पायाला पेलेना. लोक बाहेर पळाले आणि त्या वेळचा मुख्य बांधकामगार गाव सोडून गेला. माझं म्हणणं असं की तो चेहरा त्याच दिवसांतला आहे. आपल्या कामाची लाज आणि दुखणं त्या अनाम पाथरवटाने स्वतःच्या गालात कोरलं. त्याने ते मुद्दाम अशा जागी लावलं की माणसांना दिसू नये, फक्त देवाला दिसावं. उजवाच गाल का, तर उजव्या बाजूलाच दगड पडले होते. तुम्हाला हे फार वाटेल. पण मी तासन्‌तास त्याच्यासमोर बसले आहे काका, आणि इतकं प्रामाणिक दुखणं मी कुठल्याच संताच्या मूर्तीत पाहिलेलं नाही. छिन्नीचा एकही फटका वाया गेलेला नाही. ज्याने हे केलं त्याला दुसऱ्याचं दुखणं बघता येत होतं.

डॉ. क्रोल यांनी लेख वाचला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. लेख पुस्तकात पहिला जाणार, फोटो पानभर. शिवाय, आणि हे मी अजून कोणाला सांगू नये असं ते म्हणाले, पण बाबांना सांगितलंच, कार्यशाळेच्या दप्तरखान्यात कायमची जागा निघते आहे आणि तिच्यासाठी त्यांनी माझं नाव सुचवलं आहे. बाबा ट्रकच्या कारखान्यात पाळी संपल्यावर गेटवर थांबून लोकांना सांगत होते. 'मुन्स्टरमध्ये लागली' एवढंच म्हणतात, जणू मी घंटाच वाजवणार आहे.

आणि सर्वांत मोठी बातमी. चेहरा मार्चमध्ये कापून खाली आणायचा असं ठरलं आहे. हवेत आणि पावसात तो राहू नये, म्हणून तो संग्रहालयात काचेखाली जाईल आणि वर त्याची नक्कल बसेल. पाचशे वर्षांनी लोक त्याच्याकडे बघतील.

आज नाताळापूर्वीच्या आगमनकाळातला पहिला रविवार. तुम्ही नाताळला या. बटाट्याचं सॅलड आई तुमच्या पद्धतीने करणार आहे, रश्शातलं.

तुमची,
इर्मेला


वाइलर, ९ जानेवारी १९७७

इर्मे,

नाताळला आलो नाही, तुझ्या कार्डालाही उत्तर दिलं नाही. खोकला आहे असं मी शेजारणीकडून कळवलं होतं. खोकला आहेच, पण त्यामुळे नाही.

मला लांब पत्र लिहिता येत नाही. हे तिसऱ्यांदा लिहितो आहे. नीट वाच आणि जाळून टाक.

ते डोकं मी केलंय.

मी १९४७ मध्ये कार्यशाळेत गेलो तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो आणि शिकाऊ होतो. त्याआधी खाणीत दगड फोडत होतो, मग युद्ध, मग रशियात कैदेत. माझ्याबरोबरची शिकाऊ पोरं मला आजोबा म्हणायची. मुकादम होता गोटहिल्फ रेश, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गाव सगळं जळलेलं, मुन्स्टर मात्र उभं. बॉम्बच्या हादऱ्याने पुष्कळ दगड तडकले होते. तो दगड मधोमध दुभंगला होता, तो उतरवला आणि नवा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण जागा अशी की चुकलं तरी कोणाला दिसणार नाही.

वीज दिवसातून दोन तास होती, म्हणून सगळं हाताने, छिन्नी आणि लाकडी मोगरीने. तुझ्या डॉक्टर क्रोलला म्हणून ते जुनं वाटलं असेल. वरची काजळी स्टेशनच्या धुराची आहे.

जुन्या दगडावर चेहरा उरलाच नव्हता. पावसाने धुऊन नेलेला. टोपी होती आणि हनुवटी होती. मी गोटहिल्फला विचारलं, मधलं काय करू. तो म्हणाला, जिवंत माणसाकडे बघून कर. आता काम करणाऱ्या माणसांत एका जागी बसलेला माणूस एकच होता, तो स्वतः. त्याची दाढ पिकली होती, तीन आठवडे दंतवैद्य मिळेना, गालाला फडकं बांधून तो शेगडीशेजारी बसायचा आणि तिथून आमच्यावर ओरडायचा. मी त्याच्याकडे बघून केलं. बघताना मला त्याचं वाईट वाटायचं, ओरडत होता तरी.

दगड पुरा झाल्यावर त्याने फक्त चेहरा बराच वेळ पाहिला. मला म्हणाला, "हा असाच होता?" मी म्हटलं, साधारण. तो म्हणाला, "लावा. पण वर कोणाला बोलवू नका."

आता खुणेचं. तू पदवी घेतलीस, तुला हे पुस्तकातून माहीत आहे, पण आमच्यात ते कसं आहे ते वेगळं. शिकाऊपण संपलं की कार्यशाळेसमोर माणसाला त्याची खूण देतात. ती मरेपर्यंत त्याची. दुसऱ्याची खूण आपल्या दगडावर घालणं म्हणजे त्याची सही करणं. नक्कल केली तर आपली खूण आणि साल दगडाच्या पाठीवर घालायचं, म्हणजे पुढचा फसत नाही. माझं शिकाऊपण संपलं नव्हतं, मला खूण नव्हती. आणि गोटहिल्फ पहिल्या दिवशी म्हणाला होता, "जसा आहे तसा, एक रेघही सोडायची नाही." मी एक रेघही सोडली नाही. बाजूला बाण दिसला, तोही कोरला. मला ते नक्षीसारखं वाटलं असं मी म्हणणार नाही. मला ठाऊक होतं ती खूण आहे. पण सांगितलं होतं जसा आहे तसा, आणि मी कैदेतून आलेला माणूस होतो, सांगितलेलं करायची सवय होती.

गोटहिल्फने ते पाहिलं तेव्हा दगड भिंतीत बसला होता, चुना धरला होता. त्याने गाल धरून विचारलं, "ओयगेन, ही खूण कोणाची?" मी म्हटलं, दगडाची. कळवलं असतं तर मला माझी खूण मिळाली नसती, त्याचंही नाव खराब झालं असतं. तो म्हणाला, "कोणी विचारेल तेव्हा मी मेलेलो असेन आणि तू बहिरा झालेला असशील." दोन्ही झालं. नोंदवहीत त्याने 'दुरुस्त केलं' लिहिलं.

तर ते असं आहे. आता ऐक. मी कोणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही. श्टेलेला ठाऊक नाही. तू लेख छापून घे, ती जागा घे. ब्रेंडले घराण्यात आजवर सगळ्यांनी हाताच्या जोरावर पोट भरलं, तू डोक्याच्या जोरावर भर. त्या डोक्याला काचेत ठेवलं तर ठेवू देत. मी फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं, कारण नाहीतर तू कधीतरी ते स्वतः शोधशील आणि मग माझ्याशी बोलणार नाहीस.

ओयगेन


उल्म, १६ जानेवारी १९७७

ओयगेन काका,

पत्र जाळलेलं नाही.

तुम्हाला ऑक्टोबरमध्ये सांगता आलं असतं. माझ्या पहिल्या पत्रानंतर एका ओळीत. तेव्हा लेख नव्हता, फोटो नव्हता, बाबा गेटवर थांबले नव्हते. तुम्ही मला डुकराबद्दल आणि विटांबद्दल लिहिलंत.

मी पंधरा पानं देवाच्या नजरेबद्दल लिहिली आहेत आणि ती एका पिकलेल्या दाढेवर उभी आहेत.

एकच विचारते. मूळ दगडाचं काय झालं?

इर्मेला


वाइलर, २३ जानेवारी १९७७

इर्मे,

राग कर. तो बरोबरच आहे.

ऑक्टोबरमध्ये का सांगितलं नाही ते सांगतो, मग तुला काय वाटायचं ते वाटू दे. तुझं पत्र आलं त्यात तू ते डोकं जिवंत आहे असं लिहिलं होतंस. नंतरच्या पत्रात लिहिलंस की छिन्नीचा एकही फटका वाया गेला नाही आणि ज्याने केलं त्याला दुसऱ्याचं दुखणं बघता येत होतं. मी सत्तावीस वर्षं काम केलं. निवृत्त झालो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बटाट्याचं सॅलड दिलं. माझ्या कामाबद्दल एवढं कोणी कधी लिहिलं नव्हतं. तू ते पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल लिहिलं होतंस, पण वाचलं मी. तुझी लीना काकू असती तर तिला वाचून दाखवलं असतं. सांगितलं असतं तर तू पुढचं लिहिलं नसतंस. एवढंच.

मूळ दगड माझ्याकडे आहे. उतरवलेले टाकाऊ दगड कामगारांना घरी न्यायला द्यायचे, तेव्हा गावात कोणाकडे काही बांधायला नव्हतं. दोन तुकडे होते. एक पायरीत गेला आणि झिजला. दुसरा, टोपीचा आणि खुणेचा, मागच्या दारी पावसाच्या पाण्याच्या पिंपाखाली आहे. सत्तावीस वर्षं तिथेच.

तो तिथेच राहील. तुला हे लिहितो कारण तू विचारलंस, घेऊन जा म्हणून नाही. जूनमध्ये पायाभरणीच्या दिवशी आम्हा जुन्या पाथरवटांना मिरवणुकीत पुढे चालवणार आहेत, काळे कोट आणि पांढरे एप्रन घालून. आमच्यात चोर चालतो, दारुडा चालतो. दुसऱ्याची खूण घालणारा चालत नाही. मी पासष्टाचा होतो आहे, मला त्या रांगेत चालायचं आहे.

डॉक्टरांनी छातीसाठी बाड बुखाउला हवापालटाला पाठवायचं ठरवलं आहे, सात फेब्रुवारी ते पाच मार्च. तिकडे औषधी चिखलात बसवतात आणि काटेकोर जेवण देतात. मागच्या दाराची किल्ली शेजारच्या हेगेले बाईंकडे आहे, कोंबड्यांना तीच बघेल. परत आलो की बोलू. तोवर काही करू नकोस.

ओयगेन


उल्म, २० फेब्रुवारी १९७७

प्रिय काका,

हे पत्र बाड बुखाउच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथे तुम्ही चिखलात बसलेले असताना ते हातात पडणार नाही अशी आशा आहे.

आधी खरं ते सांगते. तुमचं पत्र आल्यावर नऊ दिवस मी गप्प बसले. आणि गप्प राहायचं असंच जवळजवळ ठरवलं होतं. तुम्हाला मिरवणुकीत चालायचं आहे, मला जागा हवी आहे, बाबांनी सगळ्यांना सांगितलं आहे, आणि ज्याची खूण आहे तो पाचशे वर्षांपूर्वी मेला आहे. यात कोणाचं काय जातं? मग एक दिवस यादीचं काम करताना मला माझंच अक्षर दिसलं. दक्षिण बाजूच्या दोन दगडांपुढे मी लिहिलं होतं: 'तारीख बाणाच्या खुणेवरून, उत्तरेकडील चेहऱ्याप्रमाणे.' म्हणजे ती चूक चेहऱ्यावर थांबलीच नव्हती. मी ती पुढे नेली होती, आणि माझ्यानंतरचं कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवून तिला आणखी पुढे नेईल. तुमच्या कार्यशाळेचा नियम याचसाठी आहे, काका. पुढचा फसू नये म्हणून.

मी डॉ. क्रोल यांच्याकडे गेले. तुमचं नाव न घेता सांगितलं, एका निवृत्त पाथरवटाने १९४९ मध्ये केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले, वाईट नाही, दमलेल्या माणसासारखे. म्हणाले, "फ्रॉइलाइन ब्रेंडले, तीस वर्षं मी या म्हाताऱ्यांना भेटतो आहे. प्रत्येकाने मनोरा एकट्याने बांधलेला असतो." पुढे म्हणाले, पानं छापखान्यात लागली आहेत, पुरावा असेल तर बोला, नाहीतर जाऊन नावांची सूची पुरी करा. मी बाहेर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते. मी सांगितलं होतं. त्यांनी मानलं नव्हतं. यापेक्षा सोपं काय असणार?

दोन दिवस तसं सोपं राहिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. आईने मसूर आणि स्पेट्झलेच्या शेवया वाढल्या होत्या, बाबांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "मग आता गेटवर काय सांगू?" शनिवारी सकाळी कारखान्यातल्या मित्राचा टेंपो दारात उभा होता आणि बाबा पुढे बसून माझी वाट बघत होते.

हेगेले बाईंनी किल्ली दिली. दोनदा विचारलं की ओयगेनला माहीत आहे का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग मला काही दिसलं नाही," आणि खिडकीत उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या. पिंप तुम्ही हिवाळ्याआधी रिकामं केलंच होतं. दगड गोठलेल्या मातीत धरून बसला होता, बाबांनी पहारीने सोडवला. पालथा केला तर टोपी होती, हनुवटीचा कोपरा होता आणि कुशीवर बाण. मी चेहऱ्याची जागा बोटांनी पाहिली. तिथे काहीच नाही. गुळगुळीत. येताना बाबा अर्ध्या वाटेत म्हणाले, "इतकी वर्षं त्याच पिंपातून पाणी काढून हात धुतले, मला कधी बोलला नाही."

सोमवारी तो दगड मी डॉ. क्रोल यांच्या टेबलावर ठेवला, शेजारी वरच्या चेहऱ्याचा आणि खुणेचा उतरवलेला ठसा. त्यांनी भिंग घेतलं. फार वेळ लावला. मग म्हणाले, "हे तुम्ही सोहळा उरकल्यावर, जुलैत आणलं असतंत तर बरं झालं असतं." पण लेख त्यांनी त्याच दुपारी छापखान्यातून काढून घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुस्तकात आता पहिला लेख विटांबद्दल आहे, दुसऱ्या कोणाचा. कायमची जागा मला मिळणार नाही. पहिल्याच दगडाचा काळ चुकीचा ठरवणाऱ्या माणसाची शिफारस त्यांना करता येत नाही, ते त्यांनी सरळ सांगितलं आणि मला ते पटलं. ट्युबिंगेनचा एक जण येतो आहे. माझं वर्ष सप्टेंबरपर्यंत आहे, यादी मी पुरी करीन.

चेहरा मार्चमध्ये कापणार नाहीत. नव्या दगडाला कोणी काचेत ठेवत नाही. तो वरच राहील.

आणि तुमचं. नाव मी सांगितलं. पुराव्यासाठी लागलंच असतं असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. पुराव्याला दगडच पुरेसा होता. मी सांगितलं, कारण ज्याने गोटहिल्फचं दुखणं पाहिलं त्याचं नाव कुठेतरी असायला हवं होतं. कार्यशाळेच्या १९४९ च्या नोंदवहीत 'दुरुस्त केलं' याच्याखाली श्टेले यांनी माझ्यासमोर शाईने लिहिलं: चेहरा नवा, कारागीर ओयगेन ब्रेंडले, शिकाऊ, खूण जुन्या दगडावरून उतरवलेली. खाली त्यांची सही आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे पाथरवट ठसा बघायला जमले होते. एकाने 'सहीचोर' म्हटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. मिरवणुकीचं काय ठरेल ते मला माहीत नाही. श्टेले म्हणाले की त्यांच्या हातात असतं तर त्यांनी तुम्हाला आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग पुढे चालवलं असतं, पण ते जुन्या लोकांच्या मंडळाने ठरवायचं आहे.

परवानगी मी मागितली नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग मला तुमचा शब्द मोडून जावं लागलं असतं. आता तुम्ही रागावलात तर तुमचा राग माझ्याकडे राहील.

जुना दगड कार्यशाळेत कोरड्या जागी ठेवला आहे. पिंपाखाली चार विटा रचल्या आहेत, वर फरशी घातली आहे. बाबांनी पिंप दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. डुगडुगत नाही.

तुमची,
इर्मेला